लाऊडस्पीकरचे वॅट आणि खरे माप

कापड घेताना आम्ही लेबलावर विसंबत नाही. पन्हा मोजतो, सूत पाहतो. लाऊडस्पीकर घेताना मात्र खोक्यावरचे ‘१००० वॅट’ वाचून पैसे मोजले जातात. व्यापारी बांधवांनी ध्यानात घ्यावे, वॅट हे आवाजाचे माप नव्हे.

१ वॅट देऊन १ मीटर अंतरावर जितके डेसिबल मिळतात, ती स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. ३ डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट. ९४ डेसिबलचा स्पीकर २५ वॅटवर जो आवाज देतो, त्यासाठी ८८ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट लागतात. आकडा २.८३ व्होल्टवरचा आणि स्पीकर ४ ओहमचा असेल, तर तेथे २ वॅट खर्ची पडलेले असतात. ३ डेसिबल वजा करावेत.

वॅटमध्येही फरक आहे. ‘पीक’ आकडा बहुधा सलग क्षमतेच्या चौपट असतो. पीएमपीओला तर ठरलेले मापच नाही. त्यावर विसंबून मोठा अॅम्प्लिफायर जोडला, तर कॉइल जळते.

म्हणून आरएमएस वॅट, ओहम आणि डेसिबल पावतीवर लिहून घ्यावेत. विकणाऱ्यानेही तेच सांगावेत. माप झाकून केलेल्या सौद्याने गिऱ्हाईक तुटते.