पावावरचं लोणी

डेन्मार्क हा युरोपच्या उत्तरेकडचा लहानसा देश. तिथल्या एका खेड्यात आम्ही गेलो होतो.

तिकडचं दुपारचं जेवण साधं. राय नावाचं एक धान्य आहे. त्याचा काळसर, किंचित आंबूस पाव करतात. पावाच्या कापावर लोणी लावतात. वर मासा, अंडं किंवा चीज ठेवतात. आपण शेतावर भाकरी बांधून नेतो, तसा ते हा पाव डब्यात नेतात.

संध्याकाळी गावच्या सभागृहात सर्वांचं जेवण होतं. म्हातारी माणसं, पोरंबाळं, सारी एकत्र बसली. जेवल्यावर ज्याने त्याने आपली ताटली उचलली. उठताना रांधणाऱ्यांना म्हटलं, "जेवणाबद्दल आभार!" तिकडची ती रीतच आहे.

आता त्या लोण्याची गोष्ट ऐका.

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतून आणि रशियातून युरोपात स्वस्त धान्य येऊ लागलं. भाव पडले. डेन्मार्कचे शेतकरी अडचणीत आले. त्यांनी ठरवलं, गाई वाढवू, लोणी विकू. पण लहान शेतकऱ्याच्या घरच्या लोण्याला भाव येईना. साय काढायचं यंत्र एकट्याला परवडेना.

मग १८८२ साली येडिंग गावचे शेतकरी एकत्र आले. त्यांनी सहकारी डेअरी काढली. थोड्याच वर्षांत देशात अशा शेकडो डेअऱ्या झाल्या. त्यांचं लोणी इंग्लंडात खपू लागलं. पैसा मिळे तो दुधाच्या मानाने. पण मत माणसाला एकच. दोन गाईवाला असो की पन्नास गाईवाला, सभेत दोघे सारखे.

हे त्यांना कसं जमलं? १८४४ पासून तिथे मोठ्या माणसांसाठी लोकशाळा निघाल्या होत्या. शेतकऱ्यांची तरुण मुलं हिवाळ्यात तिथे राहून शिकत. परीक्षा नसे. शिकलेली माणसं सभेत न भिता बोलू लागली.

गावोगावच्या त्या लहान डेअऱ्या आता उरल्या नाहीत. त्या एकमेकींत मिळून मोठ्या संस्था झाल्या. पण त्यांतल्या सर्वांत मोठ्या संस्थेचे मालक आजही शेतकरीच आहेत.

आपल्या गावात दूध सोसायटी असेल. आपण तिचे सभासद असू. मग सभेला जावं. हिशेबाचा कागद स्वतः वाचावा. समजलं नाही, तर विचारावं. न वाचता अंगठा उठवला, तर आपण नावाचेच मालक!

विचार करा :
१. लहान शेतकऱ्यांनी डेअरी का काढली?
२. 'मत माणसाला एकच' या नियमाने कोणाचा फायदा झाला?