कार्यस्मृती : मनाच्या पाटीवरील अपुरी जागा

स्मरणशक्ती ही एकच एक शक्ती असून ती कोणाला अधिक तर कोणाला कमी मिळालेली असते, असे आपण सर्वसाधारणपणे धरून चालतो. त्यामुळे शंभर श्लोक मुखोद्गत असलेला विद्यार्थी गुरुजींनी एका दमात सांगितलेली चार कामे विसरला की त्याने लक्ष दिले नाही, असा निष्कर्ष लगोलग काढला जातो. मानसशास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत या समजुतीची जी छाननी केली, ती सूचना देणे हेच ज्यांचे रोजचे काम आहे अशा शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी अवश्य जाणून घ्यावी.

या छाननीत दोन रुग्णांचे स्थान फार मोठे आहे. अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांच्या मेंदूवर 1953 मध्ये अपस्माराच्या उपचारासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नव्या घटना त्यांच्या स्मरणात टिकेनाशा झाल्या. मात्र ऐकलेले पाच-सहा अंक ते तत्काळ बिनचूक म्हणून दाखवीत. इंग्लंडमधील दुसऱ्या रुग्णाची स्थिती नेमकी उलट होती. एलिझाबेथ वॉरिंग्टन व टिम शॅलिस यांनी 1969 मध्ये वर्णन केलेल्या या रुग्णाला ऐकलेले दोन अंकही पुन्हा सांगणे जड जाई, परंतु नवे शब्द पाठ करून दीर्घकाळ ध्यानात ठेवण्यात त्याला विशेष अडचण येत नसे. क्षणिक स्मृती आणि दीर्घकालीन स्मृती या वेगळ्या आहेत, हे यावरून दिसलेच. पण एक पेचही उभा राहिला. क्षणिक स्मृती हा जर दीर्घकालीन स्मृतीचा एकमेव दरवाजा असेल, तर दरवाजाच मोडलेल्या या माणसाच्या घरात माल कोठून येत होता?

ॲलन बॅडली व ग्रॅहॅम हिच या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये या पेचाचे उत्तर मांडले. त्यांचा प्रयोग साधा होता. माणसाला सहा अंक मनात धरून ठेवावयास सांगावयाचे व त्याच वेळी लहान लहान विधाने खरी की खोटी हे ठरवावयास लावावयाचे. क्षणिक स्मृतीची कोठी एकच असती, तर सहा अंकांनीच ती भरून जाऊन विचार ठप्प व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात वेळ अधिक लागला, पण चुका फारशा वाढल्या नाहीत. तेव्हा ही कोठी एकखणी नसून तिच्यात वेगवेगळी कामे करणारे भाग असले पाहिजेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. केवळ साठवण नव्हे, तर साठवलेल्यावर काम करण्याची जागा, म्हणून तिला कार्यस्मृती म्हणावयाचे.

यांतील सर्वांत चांगला अभ्यासला गेलेला भाग म्हणजे ध्वनिचक्र. दूरध्वनी क्रमांक कागदावर उतरेपर्यंत आपण तो मनातल्या मनात घोळवतो. तेच हे चक्र. 1964 मध्ये कॉनरॅड यांनी दाखवून दिले की डोळ्यांनी पाहिलेली इंग्रजी अक्षरे आठवतानाही माणसे सारख्या उच्चाराच्या अक्षरांत घोटाळा करतात. 'व्ही'ऐवजी 'बी' लिहितात. म्हणजे पाहिलेले अक्षरही मनात आवाजाच्या रूपाने ठेवले जाते. पुढे 1975 मध्ये बॅडली व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की शब्द जितके लांब तितके ते कमी लक्षात राहतात. सुमारे दोन सेकंदांत जेवढे उच्चारून होईल तेवढेच या चक्रात मावते.

याचा एक परिणाम विचार करावयास लावणारा आहे. वेल्श भाषेतील अंकांचे उच्चार इंग्रजीहून अधिक वेळ घेतात. वेल्समधील द्वैभाषिकांना इंग्रजीत अधिक अंक लक्षात ठेवता येतात, असे 1980 च्या एका अभ्यासात दिसले. वेल्श मुलांचे अंकस्मरणाचे गुण कमी पडत, त्याचे मूळ बुद्धीत नव्हे तर उच्चाराच्या लांबीत होते. एका भाषेत तयार झालेली बुद्धिचाचणी दुसऱ्या भाषेच्या मुलांना सरसकट लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसरा भाग दृश्य आकृत्या व जागा यांचा; त्याला मनाची पाटी म्हणू. बॅडली यांनी स्वतःचाच एक अनुभव नोंदविला आहे. अमेरिकेत मोटार चालवीत असता ते रेडिओवर फुटबॉल सामन्याचे वर्णन ऐकत होते. मैदानाचे चित्र मनापुढे उभे राहू लागले, तशी गाडी रस्त्यावर इकडे तिकडे भरकटू लागली. त्यांनी संगीत लावले व गाडी सरळ झाली. एकाच पाटीवर रस्ता आणि मैदान दोन्ही काढता येत नाहीत. तिसरा भाग केंद्रीय नियंत्रक. याच्यापाशी साठवण नाही. कोठे लक्ष द्यावयाचे व काय बाजूला सारावयाचे एवढे तो ठरवतो. या तिघांतील व दीर्घकालीन स्मृतीतील माहिती एकत्र गुंफणारा चौथा भाग बॅडली यांनी 2000 मध्ये जोडला.

या जागेत मावते तरी किती? जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये सात, दोन कमी वा दोन अधिक, असे उत्तर दिले होते. 2001 मध्ये नेल्सन कोवन यांनी ते सुमारे चारपर्यंत खाली आणले. मात्र हे मोजमाप सुट्या अक्षरांचे नव्हे, अर्थपूर्ण गटांचे आहे. भ्रमणध्वनीचे दहा अंक आपण दोन-दोनच्या जोड्यांनी सांगतो तेव्हा दहाचे पाच होतात. 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झालेल्या, श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजलेल्या पिनकोडातही सहा अंकांना अर्थ आहे. पहिले तीन अंक विभागापासून छाननी-जिल्ह्यापर्यंत नेतात व शेवटचे तीन टपाल कार्यालय दाखवतात. ज्याला ही रचना ठाऊक आहे, त्याला सहा अंकांचे ओझे वाटत नाही.

मराठी शाळांच्या दृष्टीने संख्यानामांचा प्रश्न येथे येतो. 'पंचेचाळीस' ऐकताना पाच आधी कानी पडतात, लिहिताना मात्र चार आधी लिहावयाचे असतात. तेवढा क्षणभर पाच मनात धरून ठेवावे लागतात. ज्या बालकाला ते जमत नाही ते 54 लिहिते, आणि गणितात कच्चे ठरते. जर्मन भाषेतही हाच उलटा क्रम आहे. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांच्या 2009 च्या अभ्यासात निम्म्याच्या आसपास चुका या अदलाबदलीशी निगडित होत्या व त्यांचा कार्यस्मृतीशी संबंध आढळला. चेक भाषेत सरळ व उलट दोन्ही पद्धती प्रचलित आहेत; तेथील मुलांच्या अशा चुका सरळ पद्धतीत कमी झाल्या. महाराष्ट्रात 2019 मध्ये इयत्ता दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशी फोड दिली गेली तेव्हा विधानसभेपर्यंत वाद गेला. त्या वादात भाषेच्या अभिमानाविषयी पुष्कळ बोलले गेले. सात वर्षांच्या मुलाच्या मनातील जागेविषयी त्या मानाने थोडेच.

सुझन गॅदरकोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील वर्गांत जे पाहिले तेही याला धरूनच आहे. कार्यस्मृती दुबळी असलेली मुले शिक्षकांच्या दृष्टीने बहुधा 'लक्ष न देणारी' असतात. प्रत्यक्षात ती ऐकतात, पहिले काम करतात आणि उरलेली सूचना तोवर निसटून गेलेली असते. अशा मुलाला रागे भरल्याने भीतीची भर पडते व तीही जागा अडवते. त्यापेक्षा सूचनेचे तुकडे करावेत, फळ्यावर लिहून ठेवावे, मुलाकडून ती परत वदवून घ्यावी. ग्रामसभेत पाच-सहा कागदपत्रांची नावे एका श्वासात वाचून दाखविणाऱ्या कर्मचाऱ्यालाही हीच रीत लागू पडते. यादी भिंतीवर लावली तर अर्जदाराची दुसरी फेरी वाचेल.

सरावाने ही जागा वाढविता येते, असे सांगणारे वर्ग व संगणकीय खेळ अलीकडे पुष्कळ निघाले आहेत. त्यांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. सरावलेल्या खेळात व त्यासारख्या कामांत प्रगती होते, पण वाचन वा गणितापर्यंत ती पोचत नाही, असे त्यात आढळले. त्याही आधी, 1980 मध्ये, अमेरिकेतील एका विद्यार्थ्याची हकीकत प्रसिद्ध झाली होती. सुमारे 230 तासांच्या सरावानंतर तो 79 अंक ओळीने म्हणू लागला. तो धावपटू होता व अंकांचे गट शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवी. त्याला अंकांऐवजी अक्षरे दिली, तेव्हा त्याला सुमारे सहाच आठवली.