एक दर्या, दोन अर्थ

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासारखाच मीही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकलो. मराठीचा तास मला आवडायचा. कारण मराठीच्या पुस्तकात ओळखीचे शब्द भेटत. किनारा, जहाज, हवा, जमीन, बाजार, कागद! 'हे तर आपलेच शब्द!' असे मी मनात म्हणायचो. पण चेहरा ओळखीचा दिसला, म्हणून माणूस ओळखीचाच असतो असे नाही. शब्दांचेही तसेच आहे. हे मला वर्गात नव्हे, समुद्राच्या पाण्यात कळले. तीच गोष्ट आज तुम्हांला सांगतो.

आमचे घर मालेगावला. मालेगाव समुद्रापासून फार दूर आहे. तिथे मोसम नदी गिरणा नदीला मिळते. पाऊस चांगला झाला, की गिरणेला भरपूर पाणी असते. अब्बांनी मला गिरणेतच पोहायला शिकवले. मी आठवीत गेलो तोवर चांगला पोहू लागलो होतो आणि मला त्याचा थोडा गर्वही होता.

माझे मामू तेव्हा सिंधुदुर्ग जिल्ह्यात विज्ञानाचे शिक्षक होते. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी आम्हांला मालवणला बोलावले. अब्बा, अम्मी, माझी धाकटी बहीण नसरीन आणि मी असे चौघे निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मालवणच्या धक्क्यावर उभे होतो. समोर निळे पाणी आणि त्या पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला!

मामू म्हणाले, "हा किल्ला कुरटे नावाच्या बेटावर आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू केले. चारी बाजूंना खारे पाणी आहे, पण किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. त्यांची नावे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव."

"आपण किल्ल्यात जायचे का?" नसरीनने विचारले.

"किल्ला उद्या पाहू. आज किल्ल्याजवळ पाण्याखाली काय आहे, ते पाहू," मामू म्हणाले.

आमची होडी लहान होती. होडीवाले काका साठीच्या घरात होते. उन्हाने रापलेला चेहरा, पांढऱ्या मिशा आणि बारीक, तीक्ष्ण डोळे. त्यांनी प्रत्येकाच्या हातात नारिंगी रंगाचे लाइफ जॅकेट दिले. मी म्हणालो, "मला नको, मला पोहता येते."

काकांनी होडीचे इंजिन सुरूच केले नाही. ते शांतपणे म्हणाले, "मलाही येते. तरी मी घातले आहे ना?" मग मात्र मी निमूटपणे जॅकेट घातले.

होडी निघाली. थोड्या वेळाने काकांनी मला विचारले, "काय रे झिला, दर्यात कधी पोहलास का?"

मालवणी बोलीत मुलाला 'झिल' म्हणतात, हे मामूंनी आधीच सांगितले होते. आणि 'दर्या' तर आपलाच शब्द! मी छाती पुढे काढून उत्तर दिले, "हो काका, लहानपणापासून दर्यातच पोहतो."

काकांनी मान डोलावली. मित्रांनो, या एका वाक्याने पुढे काय घडले, ते लक्षात ठेवा.

किल्ल्यापासून काही अंतरावर काकांनी होडी थांबवली आणि नांगर टाकला. तिथे पाणी उथळ आणि स्वच्छ होते. खालचे खडक वरून दिसत होते. मग काकांनी काचेचे मोठे चष्मे आणि वाकड्या नळ्या काढल्या. चष्मा डोळे व नाक झाकतो. नळीचे एक टोक तोंडात धरायचे आणि दुसरे पाण्याच्या वर ठेवायचे. पालथे तरंगत, तोंडाने श्वास घेत पाण्याखाली पाहायचे. यालाच स्नॉर्कलिंग म्हणतात.

नसरीनचे प्रश्न सुरू झाले. "मामू, चष्मा कशाला? डोळे उघडे ठेवले तर दिसणार नाही का?"

"दिसेल, पण अगदी अंधुक. आपले डोळे हवेत पाहण्यासाठी बनलेले आहेत. हवेतून डोळ्यात शिरताना प्रकाश वळतो आणि म्हणून चित्र स्पष्ट उमटते. पाण्यातून डोळ्यात शिरताना तो फारच थोडा वळतो. चष्म्यामुळे डोळ्यांसमोर हवा राहते, म्हणून स्पष्ट दिसते. मात्र एक गंमत आहे. चष्म्यातून मासा खऱ्यापेक्षा मोठा आणि जवळ दिसतो."

"आणि ही नळी इतकी आखूड का? दहा फुटांची असती तर तळाशी बसून श्वास घेता आला असता!"

मामू हसले. "तसे होत नाही, बेटा. जितके खोल जावे, तितका पाण्याचा दाब वाढतो. दहा फुटांवर तो छातीला इतका दाबतो, की वरची हवा आत ओढताच येत नाही. शिवाय लांब नळीत आपणच सोडलेली हवा साचून राहते आणि तीच पुन्हा आत जाते. म्हणून नळी सुमारे सव्वा फुटाचीच असते."

काकांनी आधी सर्वांना होडीतच तोंडाने श्वास घ्यायला शिकवले. मग त्यांनी एक मोठी हवेची ट्यूब पाण्यात सोडली. ती दोरीने होडीला बांधलेली होती. अब्बा आणि नसरीन ट्यूबला धरून उतरले. अम्मी होडीतच बसून राहिली. ती म्हणाली, "मी गुडघाभर पाण्यातसुद्धा कधी उतरले नाही. मी इथूनच पाहीन."

काका माझ्याकडे वळले. "तू तर दर्यात पोहणारा. तुला ट्यूब नको. पण होडीपासून लांब जाऊ नको."

मी पाण्यात उतरलो आणि तोंड खाली घातले. मित्रांनो, काय सांगू! खाली एक दुसरीच दुनिया होती. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा माझ्या अगदी जवळून गेला. खडकाच्या फटीत काळ्या काट्यांचा गोळ्यासारखा एक प्राणी बसला होता. एका खडकावर तपकिरी, हिरवट रंगाचे मोठे मोठे घुमट होते. मी एका माशाच्या मागे निघालो. तो पुढे, मी मागे. मला वाटत होते, मी अगदी हळू जातो आहे. पाणी किती छान साथ देते आहे!

थोड्या वेळाने मी मान वर केली आणि माझा श्वासच थांबला. होडी खूप दूर होती. मी होडीकडे पोहू लागलो. हात मारले, पाय मारले, पण होडी जवळ येईना. ओहोटी सुरू झाली होती. ओहोटीचे पाणी मला बाहेर, मोकळ्या समुद्राकडे नेत होते. नळीत पाणी शिरले. खारे पाणी घशात गेले. मी घाबरलो. जवळच एक खडक पाण्याच्या वरपर्यंत आलेला दिसला. मी त्यावर उभा राहायला गेलो.

तेवढ्यात शिट्टी वाजली. काका ओरडले, "पाय टेकू नको! पाठीवर हो आणि हात वर कर!"

मी पाठीवर झालो. जॅकेटने मला उचलून धरले. ज्या जॅकेटला मी 'नको' म्हणालो होतो, त्याच जॅकेटने! काकांनी नांगर उचलून होडी माझ्याकडे आणली, दोरी बांधलेले कडे फेकले आणि मला वर ओढून घेतले. अम्मीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने मला जवळ घेतले, पण एक शब्दही बोलली नाही. तिचे हात मात्र थरथरत होते.

अब्बा आणि नसरीनलाही वर घेतल्यावर काका जरा रागाने म्हणाले, "दर्यात लहानपणापासून पोहतोस ना? मग ओहोटी कशी कळली नाही?"

मी खाली मान घालून म्हणालो, "काका, गिरणेला ओहोटी नसते."

"गिरणा? ती तर नदी!"

मामूंनी कपाळाला हात लावला. "अरेरे! आता समजले. उर्दूत 'दरया' म्हणजे नदी. समुद्राला आपण 'समंदर' म्हणतो. पण कोकणात 'दर्या' म्हणजे समुद्र! काकांनी विचारले समुद्राबद्दल आणि हा बोलला नदीबद्दल."

काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "चूक माझीही आहे. मी पुन्हा विचारायला हवे होते. दर्यावर ऐकलेले नीट समजले का, हे विचारून घ्यावे लागते."

मित्रांनो, शब्द एकच होता. फारसीतून तो उर्दूत आला आणि मराठीतही आला. पण दोन घरी राहून त्याचे अर्थ वेगळे झाले. 'बंदर' शब्दाचेही तसेच. मराठीत बंदर म्हणजे जहाजे थांबतात ती जागा. तिला आपण उर्दूत 'बंदरगाह' म्हणतो आणि 'बंदर' म्हटले की आपल्याला माकड आठवते! काही शब्दांनी मात्र फक्त कपडे बदलले. 'नाखुदा'चा 'नाखवा' झाला आणि 'जजीरा'चा 'जंजिरा' झाला.

मी काकांना विचारले, "पण तुम्ही मला त्या खडकावर उभे का राहू दिले नाही?"

"तो नुसता खडक नाही, जिवंत आहे," काका म्हणाले. "पाय कापले असते तुझे आणि तोही मोडला असता."

ते घुमट म्हणजे प्रवाळ होते. उर्दूत आपण त्याला मूंगा किंवा मरजान म्हणतो. मामूंनी सांगितले, "प्रवाळ ही वनस्पती नव्हे. ते हजारो इवल्याशा प्राण्यांचे घर असते. हे प्राणी समुद्रातील चुन्यापासून आपले घर बांधतात. असे घुमट वर्षभरात फार तर एक-दोन सेंटिमीटर वाढतात. म्हणजे एवढा घुमट तुझ्या दादाजानच्या वयाचा असू शकतो. तुझ्या एका पायाने तो क्षणात तुटला असता. म्हणूनच १९८७ साली मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला."

मला वाटले, आता आम्ही परत जाणार. पण अम्मी उठली. ती म्हणाली, "ज्या पाण्याने मला इतके घाबरवले, ते एकदा पाहू तरी दे." काकांनी होडी पुन्हा उथळ पाण्यात आणली. अम्मीने चष्मा लावला आणि एका हाताने ट्यूब व दुसऱ्या हाताने माझा हात घट्ट धरला. तिने एकदा तोंड पाण्यात घातले आणि लगेच बाहेर काढले. दुसऱ्यांदा घातले, तेव्हा ती बराच वेळ वर आलीच नाही. वर आल्यावर ती एवढेच म्हणाली, "सुब्हानअल्लाह!"

दुपारनंतर मामू आम्हांला देवबागला घेऊन गेले. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळी पाण्यात वाळूचा एक पट्टा उघडा पडतो. नसरीन आणि मी घोटाभर पाण्यात खूप खेळलो. तिथल्या होडीवाल्याने सांगितले, "या काठीच्या पुढे जाऊ नका, पुढे ओढ आहे." या वेळी मी जवळ जाऊन विचारले, "ओढ म्हणजे पाणी ओढून नेते, असेच ना?" तो म्हणाला, "हो, तेच." मग आम्ही काठीच्या अलीकडेच राहिलो.

माझ्या एका हाताला नदी होती, दुसऱ्या हाताला समुद्र. एका बाजूला आमचा दरया, दुसऱ्या बाजूला काकांचा दर्या. मधे पाणी एकच होते.

मित्रांनो, तुम्हीही कधी समुद्रावर जाल. जॅकेट घाला. होडीवाल्याचे ऐका. प्रवाळाला हात-पाय लावू नका. पाण्याने ओढले तर त्याच्याशी झगडू नका. पाठीवर तरंगा आणि हात वर करा. आणि शब्द ओळखीचा वाटला, तरी एकदा विचारा, "म्हणजे काय?" हे विचारण्यात लाज नाही. मी न विचारता 'हो' म्हणालो होतो!

शब्दार्थ

धक्का – होडीत चढण्या-उतरण्याची बांधलेली जागा
निमूटपणे – काही न बोलता, चुपचाप
नांगर – होडी एका जागी थांबवण्याचे लोखंडी साधन, लंगर
थवा – समूह, झुंड
ओहोटी – समुद्राचे पाणी किनाऱ्यापासून मागे जाणे, जझर, (विरुद्ध) भरती
नाखवा – होडीचा प्रमुख, नाखुदा
अभयारण्य – प्राण्यांना संरक्षण असलेली जागा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखक पोहायला कुठे शिकला?
(आ) सिंधुदुर्ग किल्ल्यातील तीन विहिरींची नावे कोणती?
(इ) देवबागला कोणती नदी समुद्राला मिळते?

२. कारणे द्या.
(अ) काकांनी होडीचे इंजिन सुरू केले नाही.
(आ) स्नॉर्कलिंगची नळी आखूड असते.
(इ) काकांनी लेखकाला खडकावर पाय टेकू दिला नाही.

३. 'चूक माझीही आहे,' असे काका का म्हणाले? तुमच्या मते चूक कोणाची? चार-पाच वाक्यांत लिहा.

४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले दहा शब्द शोधा. त्यांचा अर्थ दोन्हीकडे एकच आहे का, ते घरी आणि शेजारी विचारून लिहा.