तळघरातली बैठक

प्रश्न : नागापूरला घराखाली तळघर आहे. आजोबांची शिसवी पेटी, कॅरम, पुस्तकं मांडून तिथे बैठक करायची आहे. रंग कोणता द्यावा?

उत्तर : रंगाचं नंतर बघू. तुमच्याकडची सीना नदीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीतून ओल येऊ शकते. ओल तपासायला फरशीवर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून 24 तास ठेवा. खालून थेंब जमले तर ओल जमिनीची, वरून जमले तर हवेतली. जमिनीची असेल तर आधी वॉटरप्रूफिंग. रंगाचं म्हणाल तर ओलसर भिंतीवर प्लास्टिक पेंटचे पापुद्रे सुटतात, चुन्याची सफेदीच बरी. खाली शहाबादी फरशी, वर सतरंजी. पेटी भिंतीपासून चार बोटं लांब. समोरासमोर दोन झरोके हवेतच. प्लायवूडचं कपाट नको, वाळवीला आयतं जेवण! झोपायची खोली तर मुळीच नको.