आकडे घातलेले चित्र

मुलांनो, उर्दूचे पहिले पुस्तक आठवा. 'अलिफ' या अक्षराजवळ कशाचे चित्र होते? बहुतेकांना अनार आठवेल. मराठी शिकताना 'अ' जवळ अननस दिसले असेल. अक्षराशेजारी चित्र, यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल.

सुमारे चारशे वर्षांपूर्वी युरोपातील मुलांना शाळेत लॅटिन शिकावे लागे. ती कोणाच्याच घरची भाषा नव्हती. मराठी तुम्हांला निदान बाजारात, बसमध्ये ऐकायला मिळते. लॅटिन रस्त्यावर ऐकू येत नसे. मुले अर्थ न कळता शब्द घोकत. चुकले, की छडी बसे.

कोमेनियस नावाच्या शिक्षकांना हे पटत नव्हते. त्यांचा जन्म १५९२ साली मोराव्हियात झाला. हा प्रदेश आज चेक प्रजासत्ताकात आहे. आधी वस्तू ओळखीची व्हावी, मग तिचे नाव शिकवावे, असे त्यांचे मत होते. युद्धाच्या काळात त्यांना देश सोडावा लागला. १६५६ साली पोलंडमधील लेश्नो हे गाव जळाले. त्या आगीत त्यांची अनेक हस्तलिखिते गेली. तरी दोनच वर्षांनी, १६५८ साली, जर्मनीतील न्यूर्नबर्ग येथे त्यांचे चित्रमय पुस्तक छापून निघाले. त्याचे नाव 'ऑर्बिस पिक्टस', म्हणजे चित्रांतील जग.

पुस्तकाच्या आरंभी अक्षरे आहेत. प्रत्येक अक्षराजवळ एक चित्र आणि एक आवाज आहे. कावळा ओरडतो, कोकरू बें बें करते, लांडगा हुंकारतो. म्हणजे डोळा आणि कान दोघांनाही काम! पुढे जोडे शिवणारा कारागीर, पाव भाजणारा, शेत, आकाश असे दीडशे पाठ आहेत. चित्रातील वस्तूंवर बारीक आकडे घातले आहेत. तेच आकडे खाली शब्दांजवळ आहेत. शब्द अडला, की मुलाने आकडा शोधावा आणि वस्तू पाहावी. आत्म्याचे चित्र कसे काढणार? त्यांनी पडद्यावर माणसाची नुसती बाह्यरेषा दाखवली!

चित्र सर्वांना पुरत नाही, हेही कोमेनियस जाणत होते. मुलांनी चित्रे स्वतः काढावीत, शक्य तेथे खरी वस्तूच दाखवावी, दुर्मीळ वस्तू शाळेत जपून ठेवाव्यात, असे त्यांनी सुचवले. ज्याला दिसत नाही, त्या मुलाला चित्राचा काय उपयोग? त्याच्या हातात खरे कणीस दिले, तर 'दाणा' हा शब्द त्याला बोटांनीच कळेल.

आज वर्गात चित्रफीत दाखवता येते. कमी ऐकू येणाऱ्या मुलीला पडद्याखाली लिहिलेली वाक्ये फार उपयोगी पडतात. मात्र चित्रफीत भराभर पुढे जाते. सावकाश वाचणारा मागे राहतो. त्याच्यासाठी ती थांबवावी लागते. पुस्तकातील चित्र मात्र त्याच्यासाठी थांबून राहते.

आता वही घ्या. पानाच्या मधोमध तुमच्या स्वयंपाकघराचे चित्र काढा. भांड्यांवर आकडे घाला. उजवीकडून उर्दू नावे लिहा, डावीकडून मराठी. 'बेलन'समोर 'लाटणे' येईल, 'छलनी'समोर 'चाळणी'. 'तवा' आणि 'चिमटा' मात्र दोन्हीकडे सारखेच लिहावे लागतील.