दगावलेले जनावर आणि त्याचे कागद

पूर, अतिवृष्टी किंवा वादळात जनावर दगावले तर मिळणारी मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते आणि तिचे दर केंद्र सरकार ठरवते. २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांनुसार दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, वासराला २०,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये मिळतात. कोंबडीमागे १०० रुपये, पण कुटुंबाला १०,०००च्या वर नाहीत. चांगली मुऱ्हा म्हैस बाजारात लाखाच्या आसपास जाते; तेव्हा या पैशांत दावण पुन्हा भरेल, अशी आशा कोणी धरू नये. शिवाय मोठी दुधाळ जनावरे कुटुंबामागे तीनच धरली जातात. २०२५च्या पुरानंतर राज्याने आपल्या पॅकेजात ही मर्यादा उठवली होती, पण तशी सूट दर वेळी मिळेल असे नाही.

जनावर कशाने मेले यावर अर्ज कुठे करायचा ते ठरते. पुराने किंवा वीज पडून मेले तर तहसील कार्यालय. बिबट्याने किंवा वाघाने मारले तर वनखाते, तेही ४८ तासांच्या आत खबर देऊन. तुटलेल्या तारेचा धक्का बसला असेल तर वीज कंपनी आणि विद्युत निरीक्षक. साथीसाठी वेगळा शासन निर्णय निघावा लागतो: २०२२मध्ये लम्पीने दगावलेल्या गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये राज्याने दिले, ते अशा निर्णयानेच. चुकीच्या दारी गेलेला अर्ज नामंजूर होतोच असे नाही; तो नुसता पडून राहतो, आणि ते जास्त वाईट.

खरी परीक्षा पहिल्या दिवसाची. तलाठ्याचा पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन अहवाल, या दोन कागदांवर पुढचे सगळे चालते. पावसाळ्यात मेलेले जनावर काही तासांत फुगते, वास सुटतो, शेजारी पुरून टाकायची घाई करतात. तरीही डॉक्टर येईपर्यंत ते हलवू नये. ताडपत्री टाकावी, कुत्र्यांपासून राखावे. कानातला बिल्ला स्पष्ट दिसेल असा एक फोटो आणि आजूबाजूची जागा ओळखू येईल असा दुसरा, एवढे मात्र लगेच काढून ठेवावे. वीज पडल्याची खूण डॉक्टरने त्याच दिवशी पाहिली तर अहवालात मृत्यूचे कारण ठामपणे येते. पुरलेले उकरून काढले की ‘निष्कर्ष काढता येत नाही’ एवढेच लिहून येते.

बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक हा जनावराचा आधार क्रमांक म्हणावा. जून २०२४पासून राज्याने तो सक्तीचा केला आहे आणि त्याच्याशिवाय मदत मिळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या रानात एका झाडाखाली गाय आणि दोन शेळ्या विजेने गेल्या. गाईचे पैसे आले, शेळ्यांचे प्रकरण बिल्ल्यावाचून अडले. बिल्ला शेळ्यांनाही लागतो, हे अनेक घरांत अजून माहीत नाही. जनावर पुरात वाहूनच गेले तर दाखवायला शवही नसते. मग आधीची ऑनलाइन नोंद, लसीकरणाचा दाखला आणि दूध संघाची पावती एवढाच आधार उरतो. नोंदही हयात माणसाच्या नावे हवी. वडील वारले तरी गाई त्यांच्याच नावावर राहतात आणि पैसे मात्र अर्जदाराच्या आधार जोडलेल्या खात्यात जमा व्हायचे असतात.

मधपाळांची स्थिती याहून अवघड आहे. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२मध्ये मधाचे गाव झाले, सातेरी माश्यांच्या पेट्या घाटमाथ्यावर घरोघरी आहेत. पण आपत्ती निधीच्या निकषांत मधपेटीचा दर नाही. अमेरिकेत पशुपालकांच्या आणीबाणी मदतीच्या योजनेतच मधमाश्या धरल्या आहेत: नेहमीच्या मरतुकीपेक्षा जास्त वसाहती गेल्या तर तिथे दावा करता येतो. इथे पंचनाम्यात ‘इतर नुकसान’ म्हणून पेट्यांची संख्या लिहून घेणे, राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या मधुक्रांती पोर्टलवर नोंदणी ठेवणे आणि पेट्या कर्जाने घेतल्या असतील तर बँकेकडे विम्याची चौकशी करणे, एवढेच मधपाळाच्या हाती आहे.