दिनमान आणि प्राण्यांची वीण

आपल्या घरच्या पंचांगांत दररोजचें दिनमान दिलेलें असतें, म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ. तो आंकडा आपण क्वचित् पाहतों. परंतु रानांतील कित्येक पशुपक्षी पंचांगावांचून दिनमान मोजीत असतात, आणि त्यावरूनच आपल्या विणीचा हंगाम ठरवितात. हें ते कसें करितात, व मनुष्यानें तें कसें ओळखिलें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम अडचण काय आहे ती पाहूं. थंड देशांत हिवाळ्याच्या तोंडीं जन्मलेलें कोंकरूं जगणें कठीण. त्याला वसंतांतील कोंवळें गवत पाहिजे. मेंढीचा गर्भकाल सुमारें पांच महिन्यांचा. तेव्हां वसंतांत कोंकरूं व्हावयाचें तर मेंढी शरद् ऋतूंतच गाभण राहिली पाहिजे, म्हणजे गवत पिंवळें पडूं लागलें असतांना पुढच्या हिरवळीची तजवीज झाली पाहिजे. इतकी आगाऊ सूचना तिला कोण देणार? थंडी कधीं लवकर पडते, कधीं उशिरां. पाऊसहि वेळ चुकवितो. पण दिनमान मात्र दरवर्षी त्याच दिवशीं तितकेंच असतें. मुंबईस तें जूनमध्यें सुमारें सव्वातेरा तास व डिसेंबरांत सुमारें अकरा तास असतें. उत्तरेकडे दूर असलेल्या कानडांतील एडमंटन शहरीं हा फरक फारच मोठा, म्हणजे सुमारें सतरा तास व साडेसात तास, असा होतो.

याच एडमंटन शहरीं विल्यम रोवन या प्राध्यापकानें १९२४ सालच्या शरद् ऋतूंत एक प्रयोग केला. जंको नांवाचे चिमणीएवढे पक्षी त्यानें दोन उघड्या पिंजऱ्यांत ठेविले. दोहोंस अन्न तेंच व थंडीहि तीच. मात्र एका पिंजऱ्यांत सूर्यास्तानंतर विजेचे दिवे लावून तो दिवस दररोज थोडथोडा लांबवीत गेला. दुसऱ्या पिंजऱ्यांतील पक्ष्यांस सूर्याचाच काय तो प्रकाश. डिसेंबरांत, बाहेर कडाक्याचा हिंवाळा असतांना, दिव्याच्या पिंजऱ्यांतील नर गाऊं लागले. तपासणींत त्यांच्या शरीरांतील जननेंद्रियें वसंतांतल्याप्रमाणें वाढलेलीं आढळलीं. दुसऱ्या पिंजऱ्यांतील पक्ष्यांत असा पालट दिसला नाहीं. यांत ध्यानांत ठेवण्यासारखें हें आहे कीं, रोवननें एकच गोष्ट बदलली व बाकीच्या सर्व तशाच राखल्या. दुसरा पिंजरा नसता तर पक्षी अन्नामुळें गाइले कीं दिव्यामुळें, हें सांगतां आलें नसतें.

पुढें पशूंवरहि प्रयोग झाले. १९३२ सालीं इंग्लंडांत बेकर व रॅन्सन यांनीं रानउंदरांना रोज पंधरा तासांऐवजीं नऊच तास प्रकाश दिला. त्यासरशी त्यांची वीण जवळजवळ बंद पडली. याच्या उलट प्रकार मेंढ्यांत दिसला. येट्स नांवाच्या शास्त्रज्ञानें १९४९ सालीं दाखविलें कीं, दिव्यांच्या साहाय्यानें दिवसांचा क्रम उलट केला, तर मेंढ्यांचा हंगामहि उलटतो.

आतां ज्या प्राण्यासाठीं ही प्रस्तावना केली त्याजकडे वळूं. दक्षिण अमेरिकेंत चिली देशाच्या डोंगराळ भागांत चिंचिला नांवाचा एक लहानसा, उंदीर-खारींच्या वर्गांतील प्राणी राहतो. वजन सुमारें अर्धा शेर, डोळे मोठे, आणि लोंकर इतकी दाट कीं, आपल्या डोक्यावर जेथें एक केस उगवतो तेथें तिच्या अंगावर पन्नासांहून अधिक बारीक केसांचा झुबका असतो. हीच लोंकर तिच्या जिवावर उठली. शिकाऱ्यांनीं डोंगरच्या डोंगर रिकामे केले. शेवटीं १९१० सालीं चिली, अर्जेंटिना, बोलिव्हिया व पेरू या देशांनीं शिकार थांबविण्याचा करार केला, पण तोंवर प्राणी फारसे उरलेच नव्हते. तांब्याच्या खाणीवर काम करणाऱ्या मॅथियस चॅपमन या अमेरिकन गृहस्थानें मोठ्या प्रयासानें जिवंत चिंचिला मिळविल्या व त्यांपैकीं अकरा १९२३ सालीं कॅलिफोर्नियांत नेल्या. आज पाळलेल्या चिंचिलांपैकीं बहुतेक त्यांचेच वंशज मानले जातात.

येथें दिनमानाचा चमत्कार पाहावा. विषुववृत्ताच्या दक्षिणेस चिंचिलेच्या विणीचा हंगाम साधारणपणें मेपासून नोव्हेंबरपर्यंत असतो; उत्तरेकडे आणलेल्या चिंचिलांचा तो नोव्हेंबरपासून मेपर्यंत झाला. महिने उलटले, पण सूर्याशीं असलेलें नातें तेंच राहिलें, कारण तिकडचा जून म्हणजे इकडचा डिसेंबर. इंग्लंडांतून न्यूझीलंडांत नेलेल्या तांबड्या हरिणांचेंहि असेंच झालें. मायदेशीं त्यांचीं पाडसें जूनमध्यें होत, तीं तिकडे डिसेंबरांत होऊं लागलीं.

चिंचिलेचा गर्भकाल सुमारें १११ दिवसांचा, म्हणजे तिच्या आकाराच्या मानानें फारच मोठा. पिलें बहुधा एक ते तीन. जन्मतःच तीं डोळे उघडे असलेलीं व अंगावर केस असलेलीं असतात. तिच्या बाबतींत प्रकाशाचा बंध मेंढीइतका कडक नाहीं. पिंजऱ्यांत वर्षांत केव्हांहि पिलें होऊं शकतात. तथापि ती मुख्यत्वें संधिप्रकाशांत व रात्रीं वावरणारी असल्यामुळें तिला रोज नियमित उजेड व नियमित अंधार लागतो. रात्रंदिवस दिवा जळत ठेवणें, किंवा आज आठ व उद्यां सोळा तास उजेड देणें, म्हणजे तिचें पंचांगच फाडून टाकणें होय. शिवाय केवळ दिव्यानें काम भागत नाहीं. थंड हवा, सुकें गवत, अंग घोळण्यास बारीक धूळ, आणि स्वस्थता, हीं सर्व पाहिजेत. उन्हाळा तर तिला मुळींच सोसत नाहीं. म्हणून आपल्या उष्ण प्रांतांत हौसेखातर तिला पाळणें म्हणजे तिचे हाल करणें.

प्रकाशाचा निरोप शरीरांत जातो तरी कसा? पशूंमध्यें डोळ्यांतून ही खबर मेंदूंतील एका लहानशा केंद्राकडे व तेथून पिनियल नांवाच्या वाटाण्याहूनहि लहान ग्रंथीकडे पोंचते. ही ग्रंथि रात्रीं मेलाटोनिन नांवाचें द्रव्य रक्तांत सोडते. १९५८ सालीं लर्नर व त्याच्या सहकाऱ्यांनीं तें प्रथम वेगळें करून दाखविलें. रात्र मोठी असली म्हणजे तें अधिक वेळ वाहतें, लहान असली म्हणजे कमी वेळ. यावरून शरीराला ऋतु कळतो. निरोप एकच, पण प्रत्येक प्राणी त्याचा अर्थ आपल्या गरजेप्रमाणें लावतो. लांब रात्रीची वर्दी मिळतांच मेंढी म्हणते, “आतां आरंभ करावा”, आणि ज्याचा गर्भकाल अवघा सोळा दिवसांचा, तो सोनेरी हॅम्स्टर म्हणतो, “आतां थांबावें.” दोघांचाहि हेतु हाच कीं, पिलें सुकाळांत जन्मावीं.

आपल्या इकडेहि या ज्ञानाचा उपयोग होतो. कोंबडीस अंडीं देण्यास रोज सुमारें चौदा ते सोळा तास उजेड लागतो, म्हणून कुक्कुटपालक पहाटे किंवा संध्याकाळीं दिवे लावतात. पण तलंगा पुरत्या वाढण्यापूर्वींच त्यांचा दिवस लांबविला, तर त्या अकालीं अंडीं घालूं लागतात; अंडीं लहान पडतात व पक्ष्यांस इजाहि होते. युरोपांत २००७ सालीं असा नियम झाला कीं, मांसासाठीं वाढविलेल्या कोंबड्यांना दिवसांतून निदान सहा तास अंधार मिळालाच पाहिजे. मनुष्याच्याहि शरीरांत तेंच मेलाटोनिन आहे, आणि रात्रींच्या प्रखर उजेडानें तें दबतें, हें १९८० सालीं सिद्ध झालें. पालकांनीं हें ध्यानांत ठेवून मुलांना रात्रीं वेळेवर अंधारांत निजूं द्यावें. परीक्षेच्या दिवसांतहि ही सवड काढलीच पाहिजे.

विद्यार्थ्यांनीं एक अभ्यास करून पाहावा. प्रत्येक रविवारीं पंचांगांतील दिनमान वहींत लिहावें. त्याच पानावर शेजारच्या झाडावर कोणत्या पक्ष्यानें घरटें बांधिलें, शेवंतीस कळ्या केव्हां आल्या, शेळी केव्हां व्याली, हें टिपावें. आपल्या देशांत दिनमानाचा फरक लहान असल्यामुळें पाऊस व चारा यांचाहि प्रभाव मोठा दिसेल. कोणती गोष्ट दिवसाबरोबर चालते व कोणती पावसाबरोबर, हें वर्षाअखेरीस आपलें आपणांस कळूं लागेल.

पवित्र शास्त्राच्या पहिल्याच अध्यायांत आकाशांतील ज्योतींकडे ऋतु दाखविण्याचें काम सोंपविल्याचें आपण वाचतों. तो नेम चिंचिलेसारख्या क्षुद्र जिवाच्या रक्तांतहि लिहिलेला आहे, हें शास्त्रानें आपणांस दाखविलें. चिली देशानें १९८३ सालीं इयापेल गांवाजवळ तिच्यासाठीं राखीव रान ठेविलें. तरीहि रानांतील चिंचिला अद्यापि नाहींशी होण्याच्या भीतींतच आहे. दिवा लावून पिंजऱ्यांत हजारों पिलें वाढवितां येतात, पण उजाड केलेला डोंगर पुनः भरून काढणें तितकें सोपें नाहीं. प्राणिमात्रावर जी सत्ता मनुष्यास मिळाली आहे ती कारभाऱ्याची आहे, मालकाची नव्हे. आणि ज्या कारभाऱ्यास अधिक कळतें, त्याजकडून हिशेबहि अधिक मागितला जाईल.